न वाचतां दिलेला होकार

आपल्या भाषेंतील अत्यंत लहान परंतु अत्यंत जड असा शब्द कोणता, असें आम्हांस कोणीं विचारलें तर आम्ही 'हो' या एकाक्षरी शब्दाचें नांव घेऊं. सोयरीक जुळते ती या शब्दावर, जामीनकी पत्करली जाते ती या शब्दावर, आणि कित्येक घराणीं धुळीस मिळालीं तींही याच शब्दापायीं. म्हणूनच 'विचार करून सांगतों' हें वाक्य आपल्या वाडवडिलांनीं प्रश्न आणि होकार यांच्यामध्यें घालून ठेविलें होतें. तें उच्चारण्यापुरतीही सवड हल्लीं आपणांपाशीं उरलेली नाहीं. दिवसांतून दहा वेळां हातांतील कांचेवर कांहीं मजकूर उमटतो, त्याच्या खालीं 'मान्य आहे' असें लिहिलेलें असतें, आणि मजकूर न वाचतांच आपण त्यावर बोट टेंकतों. अशा होकाराचें नैतिक मोल काय, आणि त्याच्या परिणामांचा धनी कोण, हा प्रश्न आज वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे. त्यास जें निमित्त झालें तें आधीं सांगतों.

आमच्या आप्तांपैकीं एक तरुण पुण्यास संगणकाचे प्रोग्राम रचण्याचें काम करतो. त्याचे वडील निवृत्त शिक्षक. नोकरींतून मोकळे झाल्यावर त्यांनीं आपल्या गांवच्या वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या उतरून घेण्याचा उद्योग आरंभिला. वडिलांनीं वहींत लिहावें, मुलानें रात्रीं त्या संगणकावर उतरवाव्या, आणि वही भरली कीं ती रद्दींत जावी, असा क्रम दोन वर्षें चालला होता. पुढें त्यांचें एक छोटें पुस्तक करावें असा बेत होता. या सर्व ओव्या मुलानें 'जुनें' नांवाच्या एका फोल्डरांत ठेविल्या होत्या.

त्याच सुमारास तो टर्मिनलच्या एका प्रोग्रामांत कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस बसविण्याच्या खटपटींत होता. एके रात्रीं त्यानें त्या मदतनिसास सांगितलें कीं, चांचणीसाठीं केलेला पसारा आवरून टाक. मदतनिसानें एक लांबलचक आज्ञा तयार केली, ती पडद्यावर दाखविली, आणि 'ही चालवूं का?' असें विचारलें. त्या रात्रीचा तो चाळिसावा प्रश्न असेल. आमच्या आप्तानें होकाराचें बटण दाबलें. आज्ञेंत सात फोल्डरांचीं नांवें होतीं. त्यांतलें पांचवें नांव 'जुनें' हें होतें. सहा महिन्यांपूर्वीं काढून ठेविलेली एक प्रत होती, तेवढी वांचली. त्यापुढचें सर्व गेलें.

सकाळीं वडिलांनीं विचारलें, "अरे, पुसलें कोणीं?"

"अण्णा, त्या यंत्रानें पुसलें."

"तुला न विचारतां?"

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नाहीं, विचारलें होतें."

"मग तूं काय म्हणालास?"

"हो म्हणालों."

अण्णा यावर कांहींच बोलले नाहींत. त्यांच्या जागीं आम्ही असतों तर पुष्कळ बोललों असतों. पुढें तो तरुण आमच्याकडे आला तेव्हां त्यानें आम्हांस विचारलें कीं, "तो होकार माझा होता असें तुम्हांला खरेंच वाटतें का?" या प्रश्नास तत्काळ उत्तर देतां येईना, म्हणून हा लेख.

ज्यांस या साधनाचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. टर्मिनल म्हणजे टोंक. पूर्वीं संगणक एका मोठ्या खोलींत असे, आणि त्यापासून निघालेल्या तारेच्या टोंकाशीं टंकलेखन-यंत्रासारखें एक यंत्र बसविलेलें असे. 1969 सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनीं 'युनिक्स' या प्रणालीस आरंभ केला, त्या काळचें टेलिटाइपचें यंत्र सेकंदास अवघीं दहा अक्षरें उमटवी. अशा यंत्रावर आज्ञा तोकडी असण्यांतच सोय होती. आणि काम बिनबोभाट पार पडलें तर उत्तरादाखल एक अक्षरही छापावयाचें नाहीं, अशी रीत पडली. तें यंत्र केव्हांच गेलें. आज टर्मिनल म्हणजे पडद्यावरची एक चौकट आहे. परंतु रीत तीच राहिली. 'आरएम' हीं दोन अक्षरें आणि फाईलीचें नांव लिहिलें कीं फाईल नाहींशी होते. जेथून ती परत उचलून घ्यावी अशी केराची टोपली तेथें नसते. विचारून पुसावें असें वाटल्यास आज्ञेस 'आय' हें अक्षर जोडावें, मुळींच विचारूं नये असें वाटल्यास 'एफ' जोडावें, अशीही सोय आहे. म्हणजे विचारावें कीं न विचारावें, हा वाद त्या चौकटींत पुष्कळ दिवसांपासून वसत होता. परंतु त्या काळीं आज्ञा लिहिणारा आणि तिला होकार देणारा मनुष्य एकच असे. लिहितांना तरी ती त्याच्या नजरेखालून जाई.

हा योग आतां तुटला आहे. 2021 सालीं 'गिटहब कोपायलट' नांवाचा मदतनीस आला. तो लिहिणाऱ्यास पुढच्या ओळी सुचवीत असे, आणि त्या घेणें न घेणें लिहिणाऱ्याकडे असे. 2025 सालीं फेब्रुवारींत 'क्लॉड कोड', एप्रिलांत 'कोडेक्स सीएलआय' आणि जूनमध्यें 'जेमिनी सीएलआय' असे मदतनीस एकामागून एक थेट टर्मिनलांतच येऊन बसले. हे केवळ सुचवून थांबत नाहींत. ते फाईली उघडतात, बदलतात, आज्ञा चालवितात, आणि चूक निघाल्यास ती वाचून पुन्हां प्रयत्न करतात.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. दूर कोठेंतरी असलेलें भाषेचें प्रारूप केवळ शब्द निर्माण करतें. 'अमुक आज्ञा चालवावी' असें लिहून पाठविणें, एवढीच त्याची मजल. ती आज्ञा आपल्या संगणकावर खरोखर चालविणारा आणि तिचें फळ प्रारूपास परत कळविणारा, हा टर्मिनलांतील साधा प्रोग्राम असतो. त्यास बरेंवाईट कळत नाहीं. आपल्याकडे अंधपंगुन्याय म्हणून प्रसिद्ध आहे, तोच हा प्रकार. पांगळा वाट सांगतो, आंधळा चालतो. परंतु पांगळ्यास आंधळ्याच्या खांद्यावर बसविणारा एक तिसरा मनुष्य येथें आहे, आणि त्या जोडीच्या मागून चालत 'हो, हो' म्हणणारा चवथाही आहे. तिसरा म्हणजे मदतनिसास टर्मिनलांत बसविणारा, आणि चवथा म्हणजे तो वापरणारा. आमच्या आप्ताच्या दुर्दैवानें हे दोघे एकाच देहांत होते.

चौघांच्या हातून घडलेल्या कृत्याचा दोष कोणाचा, हा प्रश्न निघाला कीं वेताळपंचविशींतील एक गोष्ट आठवते. भिक्षेंत मिळालेलें क्षीरान्न घेऊन एक ब्राह्मण झाडाखालीं बसला होता. झाडावर एक घार साप धरून बसली होती. सापाच्या तोंडांतून विषाचा थेंब खालीं पात्रांत पडला. ब्राह्मणानें तें अन्न खाल्लें आणि तो मेला. वेताळ राजास विचारतो, दोष कोणाचा? सापाचा, घारीचा, कीं अन्न वाढणाऱ्या गृहिणीचा? राजा सांगतो कीं, साप परस्वाधीन होता, घार आपलें भक्ष्य खात होती, गृहिणीनें धर्मबुद्धीनें अन्न दिलें. तेव्हां विचार न करतां यांतल्या कोणासही जो दोषी ठरवील, त्यालाच तो दोष लागेल. हा निवाडा मोठा शहाणपणाचा आहे, आणि तो येथें लावून मोकळें व्हावें असा मोहही होतो. प्रारूपानें शब्द लिहिले, प्रोग्रामानें आज्ञा पाळली, मुलानें विश्वास ठेविला. अपाय कोणाच्याच मनांत नव्हता. परंतु दोन्ही गोष्टींत एक मोठा भेद आहे. वेताळाच्या गोष्टींत कोणालाही कोणीं कांहीं विचारलें नव्हतें. येथें विचारलें होतें, आणि उत्तरही मिळालें होतें.

यंत्रास दोष देऊन सुटका होत नाहीं, हें आम्हांस स्पष्ट दिसतें. झाल्या प्रकाराबद्दल त्या मदतनिसानें मोठी हृदयद्रावक क्षमायाचना लिहून दाखविली, असें आमच्या आप्तानें सांगितलें. परंतु नवें संभाषण उघडलें कीं, मुद्दाम जपून ठेविलेल्या टिपणांखेरीज त्यास कालचें कांहींच ठाऊक नसतें. घरच्या जुन्या कारकुनाच्या हातून असें कांहीं घडलें असतें तर तो पुढें जन्मभर पुसण्यापूर्वीं दोनदां पाहता. ज्यास चुकीची आठवण राहत नाहीं, त्याच्या पदरीं चूक घालणें म्हणजे वाहत्या पाण्यावर नांव कोरणें होय.

मग सर्व भार होकार देणाऱ्याच्या माथीं टाकावा काय? तसें करण्यापूर्वीं मनुष्यस्वभावाचा विचार करणें न्यायाचें होईल. लिझान बेनब्रिज या इंग्रज मानसशास्त्रज्ञ विदुषीनें 1983 सालीं यांत्रिकीकरणांतील विसंगतींवर एक लेख लिहिला होता. त्यांत तिनें दाखविलें कीं, यंत्र जसजसें अधिक काम उचलतें तसतसें मनुष्याकडे त्याच्यावर देखरेख करणें एवढेंच काम उरतें; आणि जेथें बहुधा कांहीं बिघडत नाहीं तेथें दीर्घकाळ सावध राहणें हें नेमकें मनुष्यास न साधणारें काम आहे. एकोणचाळीस प्रश्नांचें उत्तर 'हो' असेंच योग्य असल्यावर चाळिसावा प्रश्न प्रश्न राहत नाहीं. तो जपमाळेंतला एक मणी होतो, आणि बोट आपोआप पुढें सरकतें.

न समजतां दिलेल्या संमतीचा प्रश्न महाराष्ट्रास नवाही नाहीं. 1875 सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांकडील कर्जरोखे हिसकावून घेऊन जाळले. त्या रोख्यांवर त्यांच्याच निशाण्या होत्या. कायद्याच्या दृष्टीनें त्यांनीं होकार दिलेला होता. परंतु अक्षरशत्रु मनुष्यानें दुसऱ्यानें लिहिलेल्या कागदावर केलेली खूण हा होकार कितपत खरा, हें पुढें सरकारासही पाहणें भाग पडलें. 1879 च्या दक्षिणी शेतकऱ्यांच्या कायद्यानें असें ठरविलें कीं, शेतकऱ्याचा दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर व्हावा आणि निशाणी होण्यापूर्वीं तो त्यास वाचून दाखवावा. या तरतुदीमागचें तत्त्व आम्हांस महत्त्वाचें वाटतें. होकार हा केवळ देणाऱ्याच्या शिरावरचा भार नसून तो मागणाऱ्यावरही एक कर्तव्य आहे, हें तें तत्त्व. ज्यास होकार हवा आहे त्यानें तो समजून देतां येईल अशा रीतीनें मागितला पाहिजे.

तेव्हां टर्मिनलांत मदतनीस बसविणाऱ्याचें कर्तव्य काय? तें केवळ विचारण्यानें पुरें होत नाहीं. पावलोपावलीं विचारणारा प्रोग्राम सावधपणाचा देखावा करतो, आणि वस्तुतः आपली जबाबदारी दुसऱ्याच्या बोटाखालीं सरकवितो. आमच्या मतें विचारण्याहून कुंपण घालणें श्रेष्ठ. गुरांस कुंपण असलें म्हणजे गुराख्यास दर घटकेस ओरडावें लागत नाहीं. मदतनिसास एका मर्यादित जागेंतच फिरूं द्यावें. तिच्याबाहेरच्या फाईलींना त्याचा हातच लागूं नये, अशी व्यवस्था आजच्या संगणकांत करतां येते. वाचण्यास परवानगी कशाला? परत फिरवितां येणाऱ्या बदलासही ती पदोपदीं नको. लिनस टोरवाल्ड्स यांनीं 2005 सालीं रचलेल्या 'गिट' या साधनांत प्रत्येक नोंदविलेल्या बदलाची मागची स्थिति जपून ठेवतां येते. प्रश्न विचारावा तो कुंपणाच्या फाटकाशीं, आणि जें गेलें असतां परत येणार नाहीं त्याविषयीं. तेथें मात्र तो असा विचारावा कीं, वाचल्यावांचून उत्तर देतांच येऊं नये. गिटहबवर एखादें भांडार कायमचें काढून टाकावयाचें असल्यास त्याचें नांव स्वतः टंकून द्यावें लागतें. हा त्रास योग्य जागीं दिलेला त्रास आहे.

कुंपणाची गरज आणखी एका कारणानें आहे. मदतनीस जी फाईल वाचतो तिच्यांत कोणीं खोडसाळपणानें 'अमुक करावें' असें लिहून ठेविलें असेल, तर तो धन्याचा शब्द कोणता आणि कागदावरचा कोणता हें ओळखण्यांत फसूं शकतो. अशा वेळीं आज्ञा कोणाची आणि होकार कोणाचा, याचा धागाच सांपडत नाहीं.

यावर असा आक्षेप निघेल कीं, मनुष्यानें सर्वच वाचावयाचें तर मदतनिसाचा उपयोग काय? आपण आचाऱ्यावर विसंबून जेवतों, गाडीवानावर विसंबून प्रवास करतों. तेथें कोठें प्रत्येक गोष्ट तपासतों? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. विश्वासावांचून संसार चालत नाहीं. हे मदतनीस सामान्यतः परवानगी मागतात. पण न विचारतां काम करण्याची मुभाही त्यांस देतां येते, आणि घाईच्या माणसांस ती फार आवडते. क्लॉड कोडांत सर्वच परवानग्या वगळण्यासाठीं जे शब्द लिहावे लागतात त्यांचा अर्थच 'धोका पत्करून परवानग्या वगळा' असा आहे. जेमिनीच्या मदतनिसांत तशाच मोकळिकीला 'योलो' म्हणतात, म्हणजे 'जगणें एकदांच' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याचीं आद्याक्षरें. विनोद बाजूस ठेविला तर या मुभेंत आम्हांस एक प्रकारचा प्रामाणिकपणा दिसतो. जो उघडपणें म्हणतो कीं, 'मी पाहणार नाहीं, जें होईल तें माझें', त्यानें निदान जबाबदारी ओळखून उचलली आहे. आणि त्यानें आपलें सर्व मोलाचें सामान आधीं दुसरीकडे हलविलें असेल तर त्याच्या कृत्यांत अधर्म नाहीं. अधर्म आहे तो न पाहतां पाहिल्याचा देखावा करण्यांत. न वाचतां दिलेला होकार विश्वास दाखवीत नाहीं. विश्वास ठेवणारा कोणावर ठेवतों आणि किती ठेवतों याचा निवाडा करतो. हा होकार तो निवाडाच टाळतो.

म्हणून त्या तरुणाच्या प्रश्नास आमचें उत्तर असें आहे. तो होकार दुबळा होता, दमलेला होता, आणि तो ज्या रीतीनें मागितला गेला ती रीत सदोष होती. तरीही तो होकार त्याचाच होता. त्या मदतनिसाच्या हातून जी चाळीस कामें झटपट झालीं असतीं त्यांचें श्रेय घेण्यास तो तयार होता. मग एका चुकीचें उत्तरदायित्व त्यास नाकारतां येत नाहीं. प्रश्न विचारणाऱ्याची चूक सिद्ध झाल्यानें उत्तर देणाऱ्याची चूक निम्मी होत नाहीं. धन वांटलें असतां प्रत्येकाचा वांटा कमी होतो. जबाबदारीचें तसें नाहीं, ती ज्याच्या त्याच्या पदरीं पुरी पडते. सुप्याचा शेतकरी वाचूं शकत नव्हता, म्हणून त्याच्या निशाणीची कींव करावी. आपणांस वाचतां येतें.

हें उत्तर त्यास कठोर वाटेल अशी आम्हांस भीति होती. परंतु तो म्हणाला, "यंत्रानें पुसलें म्हटल्यावर मला पुढें कांहीं करण्यासारखेंच उरत नव्हतें. मीं पुसलें म्हटल्यावर निदान काय करावें तें समजतें." दोष स्वीकारण्याचा हा लाभ आम्हांस आधीं सुचला नव्हता, तो त्याच्याकडून शिकलों.

त्यानें आपला प्रोग्राम बदलला. आतां त्याचा मदतनीस दिवसभर बहुधा कांहीं विचारीत नाहीं, कारण त्याच्या भोंवतीं कुंपण आहे. कायमचें पुसण्याची वेळ आली कीं मात्र तो साध्या मराठींत काय जाईल, किती जाईल, त्याची दुसरी प्रत आहे कीं नाहीं, तें लिहितो. उत्तर न दिल्यास 'नाहीं' असें समजतो. आणि 'हो' म्हणावयाचें असल्यास त्या फोल्डराचें नांव टंकून मागतो. अण्णांनीं तो मजकूर चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "आतां याला प्रश्न म्हणावें."

नंतर अण्णा वही घेऊन पुन्हां गांवीं गेले. ज्या तिघींच्या ओव्या गेल्या होत्या त्यांतल्या दोघींनीं आठवतील तेवढ्या पुन्हां म्हणून दाखविल्या. तिसरी मधल्या काळांत वारली होती. तिच्या ओव्या आतां कोणाजवळच नाहींत. आपल्या एका 'हो' नें काय जातें, हें जाण्यापूर्वीं सहसा कळत नाहीं. म्हणून त्या शब्दापूर्वीं एकदां वाचावें, आणि ज्यास तो मागावयाचा आहे त्यानें वाचण्याजोगें कांहीं पुढें ठेवावें, एवढेंच आमचें उभय पक्षांस सांगणें आहे.